पोतं उघडून दाखवा

"मामा, घेऊ का नको?" भाच्यानं गणपतीत विचारलं. हातात मोबाईल, त्यावर एका व्हिडिओ गेमचं चित्र, खाली किंमत ४,९९९ रुपये. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "पाच हजाराचा खेळ? एवढ्यात दोघांचे दिवाळीचे कपडे येतात." प्रश्न मला होता, निकाल तिनं देऊन टाकला.

पण पोरगं बारावी सायन्सचं. त्यानं वहीचं मागचं पान काढलं. खेळ साठ तासांचा, म्हणजे तासाला साधारण ८३ रुपये. सिनेमाचं तिकीट दोनशे, सिनेमा अडीच तासांचा, म्हणजे तासाला ८०. "सारखंच की! वर पॉपकॉर्न वाचतंय." ताई गप्प झाली, पण पटलं म्हणून नव्हे, कढईत काहीतरी करपत होतं म्हणून.

हे खेळ खेळायचं यंत्र त्याच्या काकानं पुण्याहून पाठवलेलं, दहावीच्या टक्क्यांचं बक्षीस. यंत्र फुकट आलं की त्याचा खाऊ विकत आणावा लागतो, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका खेळाचीच होईल. मला त्या वहीच्या पानाबद्दल बोलायचं आहे. कारण रुपये भागिले तास हा हिशेब आता सगळीकडे ऐकू येतो आणि तो दिसायला चोख असला तरी आतून पोकळ आहे, असं माझं मत झालंय.

हाच हिशेब मीही एके काळी केला आहे, पण तेव्हा तो खरा होता. २००३-०४ च्या सुमाराला सांगलीत विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आम्ही 'व्हाइस सिटी' आणि 'काउंटर-स्ट्राइक' खेळायचो. खिशात चाळीस असतील तर दोन तास. कंटाळा आला तर पाऊण तासात उठायचं, कॅफेवाला ओळखीचा असेल तर पंधराच घ्यायचा. तासाचा भाव होता आणि तो तास संपल्यावर द्यायचा होता. भाच्याचा तासाचा भाव मात्र आधीच एकरकमी कापला जाणार, आणि ते साठ तास कसे जातील हे त्याला पैसे दिल्यानंतर कळणार. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात, व्यवहार मात्र वेगळे आहेत.

शिवाय तास मोजून मोल ठरत असतं तर पारावरचा पत्त्यांचा डाव जगातला सर्वांत भारी खेळ ठरला असता. जोड दहा रुपयाला आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. 'पोर्टल' नावाचा २००७ चा एक खेळ आहे, तीन-चार तासांत संपतो. त्यातली कोडी मला आजही अंघोळ करताना आठवतात. उलट असे थोराड खेळ आहेत ज्यांच्या नकाशावर शंभर-दीडशे खुणा पेरलेल्या असतात. इथली पाच पिसं गोळा करा, तिथले दहा लांडगे मारा, या टेकडीवरचा बुरूज चढा, मग त्या टेकडीवरचा. ते साठ तास म्हणजे मीठ-मसाल्याविना वाढवलेली आमटी. पातेलं भरतं, चव जाते. आपण सांगलीकर तर नाटकवाली माणसं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं खेळ लावला तेव्हापासून रात्र-रात्र चालणारी संगीत नाटकंही आपण पाहिली आणि पाऊण तासाच्या एकांकिकेला उभं राहून टाळ्याही वाजवल्या. तिकीट भागिले मिनिटं असा हिशेब करून कुणी नाट्यगृहाबाहेर पडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मग मोल ठरवायचं कशावर?

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सौद्याला जायचो. राजापुरी हळदीची पोती ओळीनं लागलेली, तोंडं उघडी. खरेदीदार येणार, पोत्यात कोपरापर्यंत हात घालणार. वरची नाही, तळातली मूठ काढणार. एखादं हळकुंड घेऊन कटकन मोडणार. आत केशरी-पिवळा रंग एकसारखा आहे का, मोडताना खणकन वाजलं का, की नुसतं वाकलं? वाकलं तर ओल आहे, आणि ओल असेल तर ते पोतं पुढं घात करणार. हे सगळं झाल्यावर मग भाव. बेदाण्याच्या सौद्यात तर बॉक्स उघडून दाणे तोंडातही टाकतात. इतके, की बघता-बघता जमिनीवर उधळल्या जाणाऱ्या बेदाण्यावरून तासगाव-सांगलीकडचे शेतकरी कितीदा भांडलेत. तळहातभर नमुन्यावरून शेतकरी आणि व्यापारी हमरीतुमरीवर येतील, पण पोतं बंद ठेवून भाव सांगा असं कुणी म्हणणार नाही.

खेळांच्या बाजारात नेमकं हेच म्हणतात. पोतं बंद, तोंडाला शिवण, वर सुंदर चित्र, आणि पैसे आधी. वर पुन्हा 'आगाऊ नोंदणी करा, सोबत सोनेरी तलवार मिळेल.'

म्हणून माझं म्हणणं असं की खेळ घ्यावा की नाही, हा प्रश्न खेळ चांगला आहे की वाईट याचा फार थोडा आहे. चांगला-वाईट तर ज्याचं त्याला कळतं. भाच्याला भावणारा खेळ मला झोप आणतो. खरा प्रश्न सौद्याच्या अटींचा आहे. घ्यायच्या आधी हात घालून बघता येतं का? घेतल्यावर आत ओल निघाली तर परत देता येतं का? आणि जे घेतलं ते खरंच माझं होतं का? या तिन्हींची उत्तरं पाकिटावर कुठंच छापलेली नसतात, आणि आपणही विचारत नाही. आपण विचारतो, ग्राफिक्स कसे आहेत?

'सायबरपंक २०७७' या खेळाची गोष्ट या संदर्भात पुन:पुन्हा सांगावी लागते, कारण तिच्यात सगळंच आलंय. १० डिसेंबर २०२० ला तो बाजारात आला. त्याआधी आठ वर्षं गाजावाजा सुरू होता. बाजारात येण्याआधी समीक्षकांना जो माल तपासायला दिला, तो फक्त कॉम्प्युटरवर चालणारा होता. तो बऱ्यापैकी होता, आणि भराभर चांगले गुण पडले. पीएस ४ (सोनीचं प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या खेळायच्या यंत्रांवरचा माल आधी कुणाला दाखवलाच नाही. लोकांनी गुण बघून पैसे भरले, घरी पोतं उघडलं तर आत चेहरे नसलेली माणसं, हवेत तरंगणाऱ्या गाड्या आणि दर थोड्या वेळानं बंद पडणारा खेळ. ओरड इतकी झाली की आठवडाभरात सोनीनं आपल्या दुकानातून तो खेळच काढून टाकला आणि पैसे परत द्यायला घेतले. पुन्हा तो तिथं विकायला ठेवला २०२१ च्या जूनमध्ये. तळातली मूठ का काढायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. समीक्षक खोटं बोलले नव्हते, त्यांना वरची मूठ दिली होती एवढंच.

आणि तरीही ही गोष्ट इथं संपत नाही. कंपनी त्या खेळावर काम करत राहिली, २०२३ च्या सप्टेंबरात मोठी दुरुस्ती आली, आणि आज तो खेळ घेणारा माणूस पहिल्या दिवशी घेणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला माल, बऱ्याचदा निम्म्याहून कमी पैशांत घेतो. २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय' चंही तेच. आला तेव्हा कबूल केलेल्या कित्येक गोष्टी नव्हत्या; पुढं वर्षानुवर्षं फुकट भर पडत गेली. आपल्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवून भावाची वाट बघत बसायचे, तेव्हा थांबण्याचा फायदा विकणाऱ्याला व्हायचा. खेळांच्या बाजारात चक्र उलटं फिरतं. थांबतो तो घेणारा आणि कमावतोही तोच. मालाची किंमत पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आणि प्रत बहुधा सर्वांत कमी, असा दुसरा बाजार मला तरी सापडलेला नाही.

मग आगाऊ नोंदणी कधीच करू नये का? दिवाळी अंकांचे पैसे आपण श्रावणातच भरतो, अनुक्रमणिकाही न बघता. पण तिथं मागं पन्नास-पन्नास वर्षांचा विश्वास असतो, आणि अंक फसला तर पुढच्या वर्षी संपादकाला कळतं. चारशे रुपये आणि पाच हजार यांतही फरक आहे. न पारखता घेण्याचा अपवाद मी एकदा केला. २०२० मध्ये पुण्यातल्या एका छोट्या संस्थेनं 'राजी' नावाचा खेळ काढला, आपल्या पुराणांतले देव-असुर, राजस्थानी हवेल्या, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. कॉम्प्युटरवर आल्या आल्या घेतला. पारख वगैरे गुंडाळून ठेवली. दिसायला देखणा, मारामारी जरा बोजड, आणि गोष्ट अशी अर्ध्यात सुटते की पडद्याकडे बघत बसलो. पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही. पण ती खरेदी नव्हती, ती वर्गणी होती, हे मला देतानाच माहीत होतं. वर्गणी आणि खरेदी यांची गल्लत केली की गणपतीचे दिवस सोडून एरवी माणूस फसतो.

परत देण्याच्या अटी बघा. कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. २०१५ पासून तिथं नियम आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत. हे म्हणजे हळकुंड मोडून बघण्याची मुभा. आता प्लेस्टेशनचं दुकान. तिथंही चौदा दिवस लिहिलेले आहेत, पण अट अशी की खेळ डाउनलोड करायला सुरुवात केलेली नसावी. म्हणजे पोत्याची शिवण उसवली की माल तुमचा. मग ते चौदा दिवस करायचं काय, पोत्याकडे बघत बसायचं? खेळात मोठा दोष निघाला तर गोष्ट वेगळी, असं ते म्हणतात. पण दोष आहे हे ठरवणारही तेच.

म्हणूनच मला वाटतं की तोच खेळ तेवढ्याच किमतीला दोन दुकानांत असला तरी त्याचं मोल सारखं नसतं. जिथं दोन तास बघता येतं तिथं पाच हजारांची जोखीम खरं तर काही तासांचीच. जिथं बघता येत नाही तिथं पुरती पाच हजारांची. भाच्याच्या वहीत हा रकाना नव्हताच.

दोन तासांचा नियम सोन्याचा आहे असंही नाही. माझाच अनुभव आहे. एका मोठ्या कंपनीचा खेळ घेतला, नाव घेत नाही. सुरू केल्यावर आधी कंपनीचं वेगळं खातं काढा, मग तिचा वेगळा प्रोग्रॅम उतरवा, मग पाऊण तास पडद्यावर 'तयारी सुरू आहे'. घड्याळ पहिल्या क्लिकपासून चालू. खरा खेळ सुरू झाला तेव्हा सव्वा तास संपला होता, आणि तो माझ्या ग्राफिक्स कार्डाला झेपत नाही हे कळेपर्यंत दोन तासांवर सात मिनिटं झाली होती. अर्ज नामंजूर. चूक माझीही होती. कार्डाची गरज पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेली होती आणि मी चित्रं बघत बसलो होतो. तो खेळ अजून माझ्या यादीत आहे. रोज दिसतो.

दुसऱ्या बाजूनंही तक्रार आहे आणि ती ऐकायला हवी. छोटे खेळ बनवणारी माणसं असतात, एकेकटी किंवा दोघं-तिघं. २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा दोन तासांच्या आत संपणारा भुताचा खेळ बनवणाऱ्या माणसानं जाहीर केलं की लोक खेळ पूर्ण खेळतात, आवडला म्हणून लिहितात आणि पैसे परत घेतात. म्हणून आपण आता बेमुदत थांबतोय, असंही त्यानं सांगितलं. बेदाणा खाऊन बॉक्स परत करण्यासारखं आहे हे. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेती करण्याचा खेळ एरिक बरोन या एकाच माणसानं चार वर्षांहून जास्त काळ राबून बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं. अशा माणसाकडून पैसे परत मागताना हात अडखळायला हवा. नमुना बघण्याची मुभा खेळाच्या लांबीनुसार कमी-जास्त असावी, दोन तासांच्या खेळाला वीस मिनिटं पुरेत. पण काहींनी बेदाणे खाल्ले म्हणून सगळ्यांनाच बॉक्स बंद, हा न्याय यार्डात चालला नाही, इथंही चालू नये.

परीक्षणांचं काय, असं विचाराल. वाचावीत, पण उलटी वाचावीत. मी आधी नापसंतीची वाचतो. स्टीमवर लिहिणारा किती तास खेळलाय हे नावाशेजारी दिसतं, आणि तो आकडा मजकुराइतकाच बोलका असतो. चारशे तास खेळून 'फालतू, घेऊ नका' लिहिणारा माणूस भेटला की समजावं, खेळ चांगला आहे, याचं लग्न मोडलंय. दीड तासात तीन वेळा बंद पडला असं पाचजण वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतील तर थांबावं. यूट्यूबवर बोट दाखवत किंचाळणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. जाहिरात असेल तर तसं लिहा असा दंडक आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये घालून दिला आहे. शोधलं तर ते लिहिलेलंही सापडतं, कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात.

आता मालकीकडे येतो, कारण खरी मेख तिथं आहे.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल माल विकताना 'विकत घ्या' असं लिहायचं असेल तर हा फक्त वापरण्याचा परवाना आहे, हे ग्राहकाला ठळक सांगितलं पाहिजे. कायदा लागू होण्याआधीच स्टीमनं पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. म्हणजे इतकी वर्षं आपण जे 'घेतलं' म्हणत होतो ते घेतलेलं नव्हतंच. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ चा. त्याच्या कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर, म्हणजे ज्यांच्यावरून तो चालायचा ते कंपनीकडचे कॉम्प्युटर, बंद केले, आणि एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे पैसे भरलेल्या लोकांच्या हाती नुसतं नाव उरलं. दहा वर्षांपूर्वी घेतलेली गाडी एका सकाळी कंपनीनं अंगणातून उचलून न्यावी, तसं. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. 'कॉन्कॉर्ड' या खेळाचं तर दोन आठवड्यांतच आटोपलं. २०२४ च्या २३ ऑगस्टला आला, ६ सप्टेंबरला बंद. तिथं निदान सगळ्यांचे पैसे परत मिळाले.

यावर लगेच उत्तर येतं की मग डिस्क घ्या, डिस्क आपली असते. असते, पण कृष्णामाईला विचारून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात माळ्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. खालच्या कपाटातला माझा सीडींचा डबा चिखलात गेला, वीस वर्षांची जमवाजमव. स्टीमवरचे खेळ मात्र नव्या कॉम्प्युटरवर तसेच्या तसे उतरले. तेव्हा डिस्कवाल्यांनी फार छाती फुगवू नये. तरीही पीएस ५ वर खेळणाऱ्यानं डिस्कचा विचार करावा असंच मी म्हणेन, आणि कारण अगदी व्यापारी आहे. डिस्क आणि डिजिटल दोन्ही पहिल्या दिवशी साधारण त्याच किमतीला मिळतात. डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते, अदलाबदल करता येते. ४,९९९ ची डिस्क महिन्यानं तीन हजाराला गेली तर खेळ दोन हजाराला पडला. डिजिटलवर ती सोय शून्य. तरी किंमत तीच! कारखान्याला डिस्क छापायला नको, ट्रक नको, गिऱ्हाइकाला पुन्हा विकायचा हक्कही नको, आणि भाव तेवढाच. हे मात्र कुणी वहीवर मांडत नाही. शिवाय आता बिनडिस्कचं यंत्र स्वस्तात देतात. स्वस्त का, हे ध्यानात घ्या.

फुकटच्या खेळांबद्दल थोडक्यात. बीजीएमआय हा मोबाईलवरचा बंदुकीच्या लढाईचा खेळ फुकट आहे, तरी त्यातला बंदुकीचा रंग आणि अंगरखा यांसाठी खाऊचे पैसे कुठं जातात ते पालकांना बँकेचा मेसेज आल्यावर कळतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदी घातली, ते बरंच झालं. पण रंगीत अंगरखे त्यात येत नाहीत. पाच हजार एकदा मागणाऱ्या खेळापेक्षा एकोणऐंशी रुपये रोज मागणाऱ्या खेळाला मी जास्त घाबरतो.

आणि सवलतीचा सापळा. उन्हाळ्यात आणि नाताळात स्टीमवर जत्रा भरते, जुने खेळ पाव किमतीला मिळतात. वाट बघा असं मी वर म्हणालो खरा, पण वाट बघितल्याचं सार्थक म्हणून चौदा खेळ उचलायचे असं नव्हे. माझ्या यादीत दीडशेच्या आसपास खेळ आहेत आणि त्यांतले निम्मे मी एकदाही उघडलेले नाहीत. पाव किमतीत घेतलेला, न उघडलेला खेळ तासाच्या हिशेबात किती पडतो? शून्यानं भागता येत नाही, हे भाच्यानंच सांगितलं.

हे सगळं ग्राहकानं एकट्यानं करायचं का, हा माझा खरा मुद्दा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, बारा वर्षांनी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि २०१९ मध्ये तो नव्यानं झाला. नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येतच लिहिलंय की सदोष माल परत घेऊन ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित प्रथा आहे. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, सांगलीचा माणूस सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रानं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यात 'फक्त दोन तास उरले' अशी खोटी घाई लावणंही आहे. म्हणजे हत्यारं घरात आहेत. पण खेळासाठी आयोगात जातो म्हटलं तर लोक हसतील, या लाजेनं कुणी ती उचलत नाही. मिक्सर बिघडला तर जातात.

यात आमच्या पिढीचाही दोष आहे, तो कबूल करायला हवा. आम्ही पन्नास रुपयांच्या कॉपी केलेल्या सीडीवर वाढलो. सीडी चालली तर चालली, नाही तर दुसरी. चोरीच्या मालाला ग्राहक पंचायत नसते. त्यामुळे खेळ ही विकत घ्यायची, पारखायची, भांडून परत करायची वस्तू आहे ही सवयच लागली नाही. आजची पोरं पैसे मोजतात, पण भांडण आमच्याकडून शिकलेली नाहीत.

आपल्याकडे मागणी करायची असेल तर ती फार मोठी नाही. जो खेळ विकता तो थोडा वेळ खेळून बघू द्या, आणि नाही पटला तर पैसे परत द्या, मग यंत्र कुठलंही असो. परवाना देत असाल तर 'विकत घ्या' लिहू नका. सर्व्हर लागत असेल तर निदान किती वर्षं चालवणार ते पाकिटावर छापा. औषधाच्या गोळीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. यानं खेळ महाग होतील असं कंपन्या म्हणतील. हळदीचं पोतं उघडायला लावल्यानं हळद महाग झाली नाही, खराब हळद तेवढी स्वस्त झाली.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढं ऐकून घ्यायला तो अठराचा आहे, अठ्ठेचाळीसचा नाही. एवढंच म्हणालो, दिवाळीपर्यंत थांब, आणि डिजिटल घेऊ नको. तो थांबला. दरम्यान त्यानं कुणा अनोळखी माणसाचं, न बोलता नुसतं खेळलेलं तासाभराचं चित्रण बघितलं, नापसंतीची परीक्षणं वाचली, दोन दुरुस्त्या आल्या त्या नोंदवून ठेवल्या. दिवाळीत किंमत हजारानं उतरली. मग त्यानं आणि क्लासमधल्या आणखी दोघांनी मिळून एकच डिस्क घेतली, डोईवर तेराशे-साडेतेराशे आले. ताईला विचारलं तर म्हणाली, "तेराशे होय? मग सांगायचं की आधी."

कोण किती दिवस ठेवणार यावरून तिघांत दोनदा भांडण झालंय. डिस्क सध्या मिरजेला आहे.